चौथं पाणी

सूत रंगवायच्या कारखान्यात थोरली जाऊ चौदा वर्षं धुलाईवर होती. रंगातून काढलेलं सूत चार पाण्यांतून धुवावं लागे. पहिलं पाणी गडद निघायचं, चौथं जवळजवळ नितळ. चारही पाणी गटारात जायची. थोरली मात्र चौथ्या पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवायची आणि सुट्टी व्हायच्या आधी त्यानेच फरशी धुवायची. चांगलं पाणी वाया जाताना तिला बघवायचं नाही.

धाकट्या जावेला तिनेच शब्द टाकून तपासणीच्या खोलीत लावलं होतं. आठ महिने झाले नाहीत तोच धाकटीने चार पाण्यांच्या चार बरण्या साहेबांच्या टेबलावर मांडल्या.

"हे चौथं पाणी टाकीत साठवलं, तर पुढच्या सुताला पहिलं पाणी म्हणून चालेल," ती म्हणाली.

साहेबांनी महिन्याभरात टाकी बसवली. फाटकाशी धाकटीचा फोटो लागला.

"तुमच्याच घरातली ना?" जो तो थोरलीला विचारी. ती तोंडदेखलं हसे. फोटो जरा तिरका लागलाय हे तिने पहिल्याच दिवशी पाहिलं होतं आणि तेवढंच तिला बरं वाटलं होतं. दोन दिवसांनी कुणीतरी तो सरळही केला.

घरी सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "धाकटीला डोकं आहे हो." थोरली भांडी घासत होती. नवरा सहज बोलून गेला, "तू चौदा वर्षं तिथेच आहेस की. तुला नाही सुचलं?"

त्या दिवसापासून ती धाकटीला पाण्यात पाहू लागली. धाकटीचं हसणं, तिची नवी वही, 'ताई, चहा घेता?' म्हणणं, सगळंच खुपायला लागलं.

गुरुवारी लाल सूत होतं. त्याचं दुसरं पाणी सोडताना थोरलीने गटाराची चावी बंद ठेवली आणि टाकीची उघडली. हात चुकला नव्हता. उद्या क्रीम रंगाचं सूत आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी ते सूत गुलाबी होऊन निघालं. साहेबांनी धाकटीला धुलाईवर बोलावलं. तिने वही उलटसुलट चाळली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"माझाच हिशेब चुकला असेल," ती म्हणाली. "गडद रंगाचं चौथं पाणीसुद्धा घ्यायला नको होतं."

थोरलीला आतून गार वाटलं. अगदी खरं सांगायचं तर खूप गार वाटलं.

साहेब म्हणाले, "टाकी बंद करा. पहिल्यासारखं सोडा सगळं गटारात."

मदतनीस बाईने चावी फिरवली. चौथं पाणी धो धो गटारात निघालं, स्वच्छ, तळ दिसेल असं. थोरली बघत राहिली. रोजच्या दोन बादल्या वाचवणारी आपण, आणि आता हौदच्या हौद आपल्यामुळे जाणार. धाकटीच्या रडवेल्या चेहऱ्याने जे झालं नाही, ते त्या पाण्याने केलं.

"साहेब, टाकीचा दोष नाही," ती म्हणाली. "काल दुसरं पाणी टाकीत सोडलं. मी. मुद्दाम."

धाकटी तिच्याकडे बघत होती.

थोरलीला धुलाईवरून काढून गाठोडी बांधायच्या कामावर पाठवलं. टाकी पुन्हा सुरू झाली. धाकटीने घरी चकार शब्द काढला नाही, आणि जावेशीही ती महिनाभर बोलली नाही. तिचं ते गप्प राहणंही थोरलीला मोठेपणा मिरवल्यासारखंच वाटायचं. मत्सर काही एका कबुलीने जात नाही.

एका रविवारी दोघी गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. थोरलीच आधी बोलली.

"गाठोड्यांच्या खोलीमागून वाफेचा नळ जातो. त्यातून दिवसभर कढत पाणी ठिबकतं. ते रंगाच्या हौदात घेतलं, तर हौद तापवायला जळण कमी लागेल."

धाकटीने चिमटा लावला, चादर ताणली.

"हे मला कशाला सांगता? उद्या साहेबांना तुम्हीच सांगा."

"ऐकतील माझं?"

"माहीत नाही," धाकटी म्हणाली. "पण बरणी लागली तर देईन."