बारा दिवसांनी लहान

दिग्विजय बारा दिवसांनी लहान निघाला. दहावीला दोनदा आपटलेला, मेंढरांमागं जायची लाज वाटणारा आणि बापाची गाडी आटपाडीच्या बाजारातून उगाच चारदा फिरवणारा हा गडी. वीस मेला त्यानं धुळा मेंढपाळाच्या डोक्यात पहार घातली आणि आठवड्याभरात तो कायद्याच्या नजरेत बालक झाला. धुळाचा गुन्हा एवढाच, की हॉर्न वाजला तरी त्याची मेंढरं रस्त्यावरून लवकर हटली नाहीत. धुळा जगला, पण बायकोचं नाव त्याला अजून आठवत नाही.

शाळेच्या दाखल्यावर दिग्विजयचा जन्म होता एक जून दोन हजार सात. म्हणजे अठरा पूर्ण व्हायला बारा दिवस कमी. त्याच्या बाजूच्या जयराज वकिलांनी सांगलीच्या कोर्टात अर्ज टाकला, की आरोपी अल्पवयीन आहे, त्याला मोठ्या माणसांसारखा खटला लावू नये.

ही बातमी बहिणीला, उत्कर्षाला, साताऱ्यात कळली. पोलीस भरतीसाठी ती तिथल्या अकादमीत पहाटे पाचला उठून पळत होती. तिला हसू आलं. मिशीला पीळ देणारं बाळ, तिला वाटलं, आता पाळणाही मागेल.

एक जून ही तारीख कुठून आली हे गावात कुणाला सांगायला नको होतं. शाळेत नाव घालताना आप्पासो गुरुजी जन्माचा कागद नसलेल्या प्रत्येक पोराला एक जूनच द्यायचे. सहा वर्षं मागं मोजायची, एक जून लिहायचं आणि चहा मागवायचा. निम्मं गाव त्यांनी असं एकाच दिवशी जन्माला घातलं होतं. खरं तर दिग्विजय जन्मला दोन हजार सहाच्या दिवाळीत, मेंढरं पाटणच्या खोऱ्यात उतरली होती तेव्हा, पालात. पुढच्या वर्षी उत्कर्षाच्या वेळी मात्र आई, हरणाबाई, अडली, तिला सरकारी दवाखान्यात न्यावं लागलं. म्हणून उत्कर्षाकडं कागद होता, तीन ऑक्टोबर दोन हजार सातचा. दोघांना एकाच सकाळी शाळेत घातलं. गुरुजींनी एकाच पानावर एकाखाली एक नावं लिहिली. एका आईची दोन लेकरं चार महिन्यांच्या अंतरानं, हे बारा वर्षांत ना गुरुजींना खटकलं, ना बापाला.

आता जयराज वकिलांना खटकलं, कारण ते पान कोर्टात येणार होतं. म्हणून जानेवारीत बाप, नानासो, साताऱ्याला आला. येताना कधी नव्हे ते पेढे आणले होते.

"तुजा जन्माचा कागद दे," तो म्हणाला. "शाळंत अर्ज देऊ. तारीख चुकलीया, दोन हजार आठ पायजे म्हणून."

"मग मी सतराची हुईन. भरतीला अठरा लागत्यात, आबा."

"भरती काय, फुडल्या वर्साला बी येतीया. भावाचं तसं न्हाई."

"पहार घालताना त्यो लहान नव्हता. आन् पळून दम माजा गेलाय, त्याचा न्हाई. कागद मी देणार न्हाई."

"लय शानी झालीस," म्हणून नानासो पेढ्यांचा पुडा तसाच उचलून परत घेऊन गेला. उत्कर्षाला बापाचा राग आला नाही. राग यायला समोरच्या माणसाची थोडी तरी किंमत असावी लागते. भाऊ सुटो नाहीतर अडको, तिला त्यात पडायचं नव्हतं. तिला तिची तारीख हवी होती. त्या घरात तिचं म्हणावं असं तेवढंच होतं. आणि आई. हरणाबाईच पहाटे उठून तिला माळावर पळायला न्यायची, लोक हसले तर लोकांना शिव्या घालायची. सगळ्या घराला उत्कर्षानं मनातून उतरवलं होतं, आईला सोडून.

आईलाही साक्षीला उभं करणार असं कळलं, म्हणून कोर्टाच्या तारखेला उत्कर्षा सांगलीला गेली. कागद बरोबर घेतला, अकादमीच्या खोलीवर ठेवायचा भरवसा नव्हता. ती मागच्या बाकावर बसली. बापानं पाहिलं नाही. त्यानं लेकीकडं कधी पाहिलं होतं म्हणा.

नानासो नव्या फेट्यात पिंजऱ्यात उभा राहिला. सरकारी वकील बाईंनी शाळेचं पान पुढं धरलं. "मुलगा जूनचा, मुलगी ऑक्टोबरची. हे कसं?"

नानासोनं घसा खाकरला. वकिलाला न विचारता, स्वतःच्या डोक्यानं काढलेली तोड त्यानं मोठ्या ऐटीत मांडली. "ती तारीक पयल्या पोरीची हाय, सायेब. तिचं बी नाव उत्कर्षाच हुतं. ती वारली. मागनं ही झाली, तिला तेच नाव दिलं, तोच कागद शाळंत लावला."

जयराज वकिलांनी डोळे मिटून घेतले.

"वारली म्हणता," बाई म्हणाल्या, "पण वारण्याआधी जन्मली तर असेल ना? मुलानंतर चारच महिन्यांनी?"

नानासो बोटं मोजू लागला. दोनदा मोजली. कोर्टात मागं कुणीतरी खुदकन हसलं. उत्कर्षाला लाज वाटली ती खोट्याची नव्हे, खोटं इतकं बावळट असल्याची. लेकीला मारलं, आणि तेही धड कामाला येईना.

मग बाहेर बसवलेल्या हरणाबाईला आत बोलावलं. आत काय झालं ते तिला ठाऊक नव्हतं. आई हे बोलायची नाही, उत्कर्षानं मनाशी म्हटलं. ती खात्रीनं पुढं सरकून बसली.

"तुमची पहिली मुलगी उत्कर्षा, ती आहे का?" सरकारी वकील बाईंनी विचारलं.

हरणाबाईनं पदर नीट केला. गाडीत येताना नवऱ्यानं घोकवून घेतलेलं तिनं न अडखळता सांगितलं. "न्हाई. वारली."

उत्कर्षा उभी राहिली. पोलीस तिला खाली बसवायला आला, पण न्यायाधीशांनी विचारलं, "कोण तुम्ही?"

"उत्कर्षा नानासो. जन्म तीन ऑक्टोबर दोन हजार सात. कागद हाय." तिचा आवाज मैदानावर हजेरी देताना असतो तसा निघाला. भावाची तारीख खोटी ठरून तो सज्ञान धरला जाईल हे तिला त्या क्षणी नीट ठाऊक होतं, आणि तिनं ते होऊ दिलं.

न्यायाधीशांनी हरणाबाईला विचारलं, "ह्या कोण?"

हरणाबाईनं वळून पाहिलं.

"लेक हाय."

"कितवी?"

"एकच हाय," हरणाबाई म्हणाली. "एकच झाली मला."

टंकलेखकानं ते उतरवून घेतलं. नानासो दातओठ खात बायकोकडं बघत होता. उत्कर्षानं कागद पुढं नेऊन दिला. येताना आईनं तिचा हात धरायला बोटं पुढं केली, ती तिनं पाहिली आणि बाजूनं निघून आली. तिची तारीख शाबूत राहिली होती. घरात मान द्यावा असं आता कुणी उरलं नव्हतं.