गोणपाटाखालची कुऱ्हाड

माझं अक्षर चांगलं आहे, आणि आता मला त्याचाच संताप येतो. गावात कुणाला अर्ज करायचा असो, लग्नपत्रिकेचा मजकूर हवा असो की भिंतीवर सूचना रंगवायची असो, आमोस मास्तरला बोलवा, असं ठरलेलंच. मी ख्रिस्ती, वेशीबाहेरच्या वस्तीतला. ज्या ओट्यांवर माझ्या बापाला कधी कुणी टेकू दिलं नाही, तिथे मला घोंगडी अंथरून बसवायचे, ते या अक्षरापायी. त्यामुळे कुणी लिहा म्हटलं की मी लिहायचो. काय लिहितोय त्याचा विचार मागाहून करायचो.

सहादेवाला जन्मठेप ज्या कागदावर झाली, तो कागद माझ्या अक्षरात आहे.

त्र्याहत्तरचा फाल्गुन. कर्जतकडच्या आमच्या भागात तेव्हा विहिरींच्या तळाला चिखलही उरला नव्हता. अख्खं गाव खडी फोडायला जायचं आणि पाणी टँकरनं यायचं. राहीबाईचे दोन मुलगे, थोरला कारभारी आणि धाकटा सहादेव, वेगळे निघाले होते. दोघांच्या बांधावर एक बाभूळ होती. शेळ्यांना पाला दुसरा कुठे नव्हताच, म्हणून त्या एका बाभळीवरून भाऊ रोज भांडत. एकदा खडीच्या कामावर शंभर माणसांदेखत सहादेव भावाला म्हणाला, पुन्हा फांदीला हात लावशील तर हात तोडीन. तिसऱ्या दिवशी सकाळी कारभारी त्याच बाभळीखाली मरून पडलेला सापडला. डोक्यात घाव होता.

सहादेवानं मारलं का, हे मला माहीत नाही. मी पाहिलं नाही आणि गावात कुणीच पाहिलेलं नाही. राहीबाई म्हणते, त्यानं मारलं नाही, आणि मेलेलाही तिचाच मुलगा होता. एवढं मात्र मी पक्कं सांगू शकतो, की कुऱ्हाड पाण्यात का होती हे मला माहीत होतं.

फौजदारानं मला आणि पुंजारामला पंच केलं. पुंजाराम म्हणजे राहीबाईच्या भावकीतला, चुलत पुतण्या. सहादेवाच्या गोठ्यापुढे जनावरांना पाणी पाजायची दगडी डोण आहे. जनावरं तर केव्हाच छावणीत गेली होती. डोणीवर गोणपाट टाकलेला, खाली वीतभर गढूळ पाणी आणि पाण्यात कुऱ्हाड. फौजदाराचा चेहरा उजळला. तो सांगत गेला, मी लिहीत गेलो: आरोपीने रक्त धुण्याकरिता पाण्यात बुडवून, वर गोणपाट टाकून लपवलेली कुऱ्हाड.

'रक्त धुण्याकरिता' या शब्दांवर माझा हात थांबला होता. पंचनाम्यात जे दिसतं तेवढंच लिहायचं असतं, का आणि कशासाठी ते नाही, एवढी अक्कल मला होती. फौजदार म्हणाला, लिहा मास्तर, काय सुंदर अक्षर आहे तुमचं. आणि मी लाजून, हो, लाजून, पुढे लिहिलं. त्या क्षणाची आठवण आली की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

उन्हाळ्यात लाकूड आटतं. दांडा आटला की कुऱ्हाडीचं पातं सैल होतं आणि घाव घालताना निसटून कुणाच्या तरी पायावर पडतं. म्हणून फाल्गुनापासून मिरगापर्यंत आमच्याकडे कुऱ्हाड रात्रभर पाण्यात टाकतात. दांडा फुगतो, पातं घट्ट बसतं. हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. सहादेवानं कोर्टात हेच सांगितलं. सरकारी वकील हसला. ज्या गावात प्यायला पाणी नाही, तिथे हा माणूस कुऱ्हाडीला पाणी पाजत होता का, असं त्यानं न्यायाधीशांना विचारलं. आणि सरळ रीत होती तर वर गोणपाट कशाला?

गोणपाट कशाला, तेही मीच सांगतो. त्या माघात ग्रामपंचायतीनं ठराव केला होता: टँकरचं पाणी फक्त पिण्या-रांधण्यासाठी, इतर कामाला वापरणाऱ्याची पुढची पाळी बंद. शाळेच्या भिंतीवर गेरूनं, वीतवीतभर अक्षरांत, तो ठराव रंगवला होता. मी रंगवला होता. त्यानंतर गावातल्या सगळ्या कुऱ्हाडी झाकल्या गेल्या. कुणी गोणपाट टाकला, कुणी मोडकी पाटी. सहादेवाच्या डोणीतलं पाणी तर थेट टँकरचंही नव्हतं. भांडी विसळून उरलेलं पाणी राहीबाईनं स्वतःच्या हातानं तिथे ओतलं होतं. पण विसळलेलं की ताजं, हे चुगली करणाऱ्याला कोण सांगत बसणार? म्हणून झाकलं.

खटला चालला तेव्हा टँकर आणि ठराव दोन्ही अजून चालूच होते. कोर्टात मला तीन प्रश्न विचारले. अक्षर तुमचं का? सही तुमची का? कुऱ्हाड पाण्यात होती का? तिन्हीला मी होय म्हणालो. पुढे काही बोलायला गेलो तर विचारलं तेवढंच सांगा म्हणाले. सहादेवाच्या वकिलानं मला काही विचारलंच नाही. मास्तरला शेतीतलं काय कळतंय, असं त्याला वाटलं असावं. आणि खरं सांगतो, पिंजऱ्यातून खाली उतरताना मला सुटल्यासारखं वाटलं. माझ्यानंतर पुंजाराम उभा राहिला. त्याला वकिलानं विचारलं, उन्हाळ्यात कुऱ्हाड पाण्यात ठेवायची तुमच्याकडे रीत आहे का? पुंजारामनं खाली पाहत सांगितलं, आमच्याकडं तशी रीत न्हाई.

व्हरांड्यात भिंतीला टेकून राहीबाई बसली होती. तिला दारातून ते ऐकू आलं.

कुऱ्हाडीवर रक्त सापडलं नाही, असा तपासणीचा अहवाल होता. सापडलं असतं तर तो पुरावा झाला असता. सापडलं नाही, तर धुतलं, हाच पुरावा झाला. अशा न्यायापुढे माणसानं करायचं तरी काय, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. सहादेव आत गेला.

वरच्या कोर्टात अपील दाखल झालं. त्याचे नवे वकील नगरला भेटले. म्हातारे होते, पण डोकं ताळ्यावर होतं. त्यांनी राहीबाईचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, अपील याच कुऱ्हाडीवर उभं आहे. ही रीत आहे, आणि त्या वर्षी ती झाकून का ठेवत होते, हे शेतकऱ्यांनी शपथेवर लिहून दिलं तर कोर्टापुढे ठेवता येईल. एकट्या मास्तरचं चालणार नाही. आणि पंचांपैकी तो पुंजाराम आला तर फार बरं.

मी महिनाभर दारं वाजवली. कुणी म्हणालं, भावकीतलं प्रकरण, आपण कशाला मधे पडा. कुणाला कोर्टाच्या येरझाऱ्या नको होत्या. कुणी नुसताच कानावर हात ठेवला. पुंजाराम तर मला पाहिलं की मागच्या दारानं शेतात जायचा. आणि हे सगळं चाललं होतं चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात. पाऊस होऊन गेला होता, विहिरींना हातभर का होईना पाणी होतं, भिंतीवरचा ठराव कुणी पाळत नव्हतं. प्रत्येक डोणीत, हौदात, फुटक्या रांजणात कुऱ्हाडी उघड्यावर पडलेल्या. मी ज्याच्या ओट्यावर बसून विनवण्या करायचो, त्याचीच कुऱ्हाड माझ्यासमोर पाण्यात दिसायची आणि तो म्हणायचा, आपल्याला न्हाई बा म्हाईत. माझ्या डोक्यात अशी तिडीक जायची की समोरचा चहाचा कप त्याच्या अंगावर फेकावा. मी चहा पिऊन उठायचो.

राहीबाई हे सगळं बघत होती. एके दिवशी म्हणाली, "मास्तर, तुमी दारं वाजवू नका. बाजारच्या दिशी कागूद घेऊन शाळंत बसा."

शाळेला सुट्टी होती. गडीमाणसं बाजाराला गेलेली. मी व्हरांड्यात टेबल मांडून बसलो. दुपारी ऊन मी म्हणत असताना राहीबाई आली. डोक्यावर ओला गोणपाट, त्यात तीन कुऱ्हाडी. त्या तिनं फरशीवर मांडल्या आणि पुन्हा गेली. चार खेपा केल्या तिनं. साठीची बाई, पाय पोळत असतील, पण सावलीला थांबली नाही. घराघरातल्या बायकांनी तिला अडवलं नाही. दोघींनी तर स्वतःच डोणीत हात घालून कुऱ्हाड काढून दिली, असं ती म्हणाली. व्हरांड्यात अकरा कुऱ्हाडी ओळीनं पाणी गाळत पडल्या.

ती खाली बसली. "आता लिवा पंचनामा. कोनाच्या पान्यात सापडली ते मी सांगते."

"आणि वर काय झाकलं होतं, मावशी?"

"काय न्हाई. आता झाकायचं काय कारन?"

मी लिहायला घेतलं. या वेळी जे दिसलं तेवढंच लिहिलं. कुऱ्हाड एक, दांडा बाभळीचा, ओला, फुगलेला, अमक्याच्या डोणीतून. अकराव्या ओळीत पुंजारामचं नाव आलं.

संध्याकाळच्या आत बातमी सगळीकडे झाली. बाजारातून आलेली माणसं पिशव्या हातात घेऊन तशीच शाळेपुढे गोळा झाली. ही काय थट्टा लावलीय, म्हणाली. मी उठून उभा राहिलो. वीस वर्षं या लोकांशी मी आवाज चढवून बोललो नव्हतो.

"फौजदाराला बोलावू का?" मी म्हणालो. "अकरा कुऱ्हाडी पाण्यात सापडल्यात. अकरा खून झाले असतील गावात."



मी सांगितलं, ज्याची असेल त्यानं घेऊन जावी. फक्त या कागदावर सही करायची किंवा अंगठा द्यायचा, की ही माझी आणि दांडा फुगावा म्हणून पाण्यात होती, आणि गेल्या साली आम्ही झाकून ठेवत होतो. एक जण पाऊलभर पुढे आला, कागद बघून मागे गेला. मग एकेक जण पांगला. अकरा माणसांनी स्वतःच्या कुऱ्हाडी ओळखायचं नाकारलं. त्या रात्री मी घरी जाऊन दयाला, माझ्या बायकोला, म्हणालो की या गावातली बदली मागून घेतो. ती म्हणाली, अर्ज लिहा, अक्षर चांगलं आहे तुमचं. मी जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो तर राहीबाई आधीच येऊन बसलेली. शाळेच्या हौदात तिनं अकराही कुऱ्हाडी उभ्या करून ठेवल्या होत्या आणि विहिरीवरून कळशी आणून वर पाणी घालत होती. मी म्हटलं, मावशी, आता कशाला? ती म्हणाली, दुसऱ्याची हत्यारं, आपल्या हातून सैल पडाया नको. मला तिचाही राग आला. यांच्या हत्यारांची काळजी तिनं करायची! पण ती दोन दिवस करत राहिली. येणारा-जाणारा बघायचा आणि मान वळवायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुंजाराम आला. चपला बाहेर काढून व्हरांड्यात चढला. मी त्याला वाट्टेल ते बोलणार होतो. सव्वा वर्षाचं सगळं तोंडाशी आलं होतं.

तो म्हणाला, "मास्तर, त्या सकाळी माझ्या बी डोनीवर गोनपाट हुता. कोर्टात व्हय म्हनलो असतो तर पाळी बंद झाली असती. घरात आठ तोंडं. तुमीच लिवलं हुतं ना."

त्यानं बोट दाखवलं नाही, पण मला मान वळवावीच लागली. टेबलामागच्या भिंतीवर ती अक्षरं अजून होती. गेरू उडाला होता, तरी वाचता येत होती. वळणदार, एकसारखी. पाळी बंद. 

खाली बसलो, नवा कागद घेतला आणि सगळ्यात आधी माझं लिहिलं. 'रक्त धुण्याकरिता' आणि 'लपवलेली' हे शब्द मी पाहिलेले नव्हते, फौजदारानं सांगितले आणि मी लिहिले. भिंतीवरचा ठराव मीच रंगवला होता. खाली सही केली. मग पुंजारामचं लिहिलं, तो सांगेल तसं, आणि वाचून दाखवलं. कोर्टात खोटं बोललो, हे वाक्य त्यानं स्वतःहून सांगितलं. मग त्याचा अंगठा घेतला. कागदावर शाईचा डाग पडला. मी तो तसाच ठेवला.

राहीबाई हौदाकडे गेली. अकरातून त्याची कुऱ्हाड तिनं बरोबर काढली, पातं हलवून पाहिलं, पदरानं दांडा पुसला आणि त्याच्या हातात दिली.

"घट बसलीया," ती म्हणाली. "तीन दिस तुझी कुऱ्हाड माझ्यापाशी हुती, पुंजा. माझं पोर सव्वा वरीस झालं आत हाय."

पुंजाराम कुऱ्हाड हातात धरून तसाच उभा राहिला. फाटकाशी आणखी दोघं येऊन थांबले होते, आत यावं की नाही अशा पायांनी. मी त्यांना या म्हटलं नाही. नवा कागद पुढे ओढला आणि टाक दौतीत बुडवला.