सायीखालचं सूप

आमच्या मायचे उरलेसुरले दात हिंगोलीच्या डॉक्टरनं काढले अन् म्हणाला, कवळी तीन आठवड्यांनी येईल. तवापासून मायचं जेवण म्हणजे चहात बुडवलेलं बिस्कीट. पाचव्या दिवशी तिच्या हातातली पाटली कोपराकडं सरकायला लागली, तसं माझं हसणं बंद झालं. मी सवाऱ्यांची जीप चालवतो; हसत नसलो की गोरेगावात लोक विचारतात, "वैजनाथ, जीप पलटी झाली का काय?"

पुण्याहून पल्लवीनं, माझ्या लेकीनं, स्लो कुकर पाठवला. सकाळी दुधी, लाल भोपळा, गाजर, बटाटा, लसूण त्यात टाकायचं, दुपारपर्यंत आपोआप शिजतं. मग रवीनं घोटायचं, दूध घालायचं, झालं मऊ सूप.

माय म्हणे, "शिट्टी न्हाई, वाफ न्हाई. कायचा कुकर हाय ह्यो?"

"हळूहळू शिजते, माय."

"दवाखान्यातलं पाणी हाय ते. मी न्हाई पिणार."

दोन दिवस वाटी तशीच परत आली. माझी बायको सोजर रडायलाच बसली.

तिसऱ्या दिवशी त्या भांड्याची बुडबुड ऐकत बसलो अन् जुनं दुधाचं मडकं आठवलं. चुलीमागं गवऱ्यांच्या राखेत ते दिवसभर तापत राहायचं. वर ही जाड, लालसर साय. मी आठ वर्षांचा, काडीवानी. दुपारी मायनं पाठ टेकली की मी पपईच्या पानाचा पोकळ देठ आणायचो, सायीच्या कडेनं हळूच आत घालायचो अन् खालचं दूध ओढायचो. साय जागची हलायची न्हाई! काय गोड दूध ते, वरून धुराचा वास. तशी चव पुन्हा कुठं लागली न्हाई. संध्याकाळी माय मांजराला शिव्या घालायची अन् मी गोठ्यात जाऊन पोट धरून हसायचो. पुढं अख्ख्या गावाला टोप्या घातल्या, पण बोहनी मायपासून.

मग डोकं चाललं. सूप घोटलं, वर घरच्या दुधाची अख्खी साय पसरली अन् मायला ऐकू जाईल असं ओरडलो, "सोजर, ह्याला कुणी हात लावायचा न्हाई! संध्याकाळी तुझा भाऊ येऊन राहिला. प्रमोदसाठी हाय हे."

खाटेवरून आवाज आला, "मेव्हण्याला? साय टाकून?"

"तुला नको न्हवं? तू बिस्कीट खा."

सोजरला मळ्यात धाडली, मी जीप काढली. ध्यान सगळं घरी. एका बाईला फाट्यावर उतरायचं होतं, तिला थेट सेनगावला नेऊन सोडलं. लई शिव्या खाल्ल्या.

परत आलो तर माय भिंतीकडं तोंड करून पडलेली. झाकण काढलं. साय अख्खी. आता काय करावं?

मग नीट बघितलं. साय अख्खी होती, पण पार बुडाला टेकली होती. कडेला बोटाएवढं भोक. अन् खाटेखाली पपईचा हिरवा देठ.

"माय!"

"मांजर असंल," ती भिंतीकडं बघतच म्हणाली.

"तुला ठाऊक होतं?"

ती वळली. बोळक्या तोंडानं हसत होती. "येड्या, परसातली पपई बोडकी कोण करत होतं? हातात दिलेलं दूध तू थुंकायचा. चोरलेलं तेवढं पोटात राहायचं. म्हणून तुझं मडकं येगळं ठेवलं. साखर कोण टाकत होतं त्याच्यात? मांजर?"

मी खाटेखालचा देठ उचलून हातात घेतला. ह्या मडक्याचा किस्सा मी चाळीस वर्षं जीपमध्ये सांगत आलो होतो.

मायनं पदरानं तोंड पुसलं. "मीठ कमी हाय. प्रमोद उद्या बी येणार हाय का?"

"व्हय," मी म्हणलो. "कवळी येईस्तोवर मुक्काम हाय त्याचा."