कोंडीरामच्या पायाचा कौल

गिरगावच्या त्या जिमखान्याची गवतावरची टेनिस स्पर्धा १९५७ साली पंचवीस वर्षांची झाली. पहिल्या वर्षापासूनची एक रीत होती: अंतिम सामन्याआधी हेडमाळी कोंडीरामने कोर्टावरून अनवाणी फिरून गवत ओलं, निसरडं नाही ना ते बघायचं. त्याने मान डोलावली तरच खेळ. गोऱ्या साहेबांनी पाडलेली रीत. साहेब गेले, रीत राहिली. बड्याबड्यांना ताटकळत ठेवणारा हा काळाचौकीचा माळी, आणि त्याचा त्याला कोण तोरा!

म्हणजे पूर्वी होता. आदल्या वर्षी, छप्पनच्या जानेवारीत, संयुक्त महाराष्ट्राच्या गोळीबारात त्याचा पोरगा जगदीश गेला. मोर्चात नव्हता हो, गिरणीतून घरी येत होता. तेराव्यानंतर कोंडीराम कामावर आला, वहाणा काढून गवतावर उतरला, तर पायांना काही लागेचना. ना गार, ना ओलं. रडूही आलं नव्हतं. "अवो, रडा की एकदा," बायको सुंदराबाई म्हणायची. तो खाली मान घालून भाकरी मोडायचा.

त्या वर्षी त्याने अंदाजाने मान डोलावली. तिसऱ्याच गेमला एक खेळाडू घसरला, मनगट मोडलं. सगळ्यांनी त्याच्या बुटांना नावं ठेवली. कोंडीरामही गप्प बसला.

यंदा चिटणीस चिंतामणराव स्पर्धेचा इतिहास लिहीत होते. सामन्याच्या सकाळी कोर्टाच्या कडेला उभं राहून त्यांनी कौतुकाने वाचून दाखवलं, "'कोंडीराम यांचा कौल पंचवीस वर्षांत एकदाही चुकला नाही.' बरोबर ना?"

कोंडीराम अनवाणी उभा होता. दोन्ही खेळाडू वाट बघत होते. त्यातला एक जगदीशच्याच वयाचा. त्याच्याकडे बघून कोंडीरामला भीती वाटली.

"चुकला, साहेब. गेल्या साली मनगट मोडलं ते माज्यामुळं. पोरगा गेल्यापासून पायाला काय कळत नाय."

"पोरगा गेला? कधी?"

"गोळीबारात."

"अरे, आणि तू बोलला नाहीस?"

"बोल्लो होतो, साहेब. रजेच्या अर्जावर तुमीच 'घरगुती कारण' लिवलंत."

चिंतामणरावांनी हातातला कागद खिशात घातला. त्यांनी वाकून नाड्या सोडल्या, बूट-मोजे काढले आणि कोर्टावर उतरले. आयुष्यात पहिल्यांदाच अनवाणी.

"ओलं आहे रे," ते हळूच म्हणाले. "थांबवू या."

कोंडीराम त्यांच्या गोऱ्यापान पायांकडे टक लावून बघत राहिला.

"गार लागतंय काय, साहेब?"

"हो."

"मला सांगा की, कसं लागतंय ते."