कापडावरचं काळं

बादशहाच्या हातात काळवंडलेला दागिना दिला आणि तो तसाच परत आला, असं कोल्हापूरच्या सराफ बाजारात, गुजरीत, कुणी म्हणून दाखवावं! चांदीकामाच्या हुपरीत बापाच्या हाताखाली तो शिकला, लग्नानंतर कोल्हापुरात आला आणि तेव्हापासून गुजरीमागच्या बोळातल्या एका खोलीत चांदीला पॉलिश करत बसलेला आहे. पैंजण, करंडे, देवाच्या प्रभावळी, कुणाच्या आजीचा तांब्या, सगळं त्याच्याकडं येतं. माणूस कामाला एक नंबर. पण खोड एकच, की त्याचे हात गप्प बसत नाहीत. घरातलं घड्याळ, मिक्सर, शेजाऱ्याचा पंखा, जे बंद पडेल ते हा उघडून बघणार. आणि वाईट गोष्ट ही, की बहुतेक वेळा ते दुरुस्त व्हायचं. एखादा मिक्सर त्याच्या हातनं कायमचा मेला असता तर पुढचं टळलं असतं.

त्याची बायको शमशाद. ही बाई बोलायला लागली की गल्लीच्या तोंडाशी असलेला पानवाला सुपारी कातरायची थांबवून ऐकायचा. बादशहाला जेवायला बोलवायची तर ते आवतण सगळ्या गल्लीला कळायचं. दोन वर्षांपूर्वी तिच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल, आवाज राहणार नाही. जीव वाचला. गळ्यावर एक भोक राहिलं, त्यावर ती पातळ सुती रुमाल बांधते. ओठ हलतात, जीभ हलते, शब्द पुरे होतात, पण आवाज नाही.

ऑपरेशनच्या आधी त्यांच्या लेकीनं, सबिनानं, आईला दोन दुपारी समोर बसवलं, फोनवर रेकॉर्डिंग लावलं आणि बोलतं केलं. शमशाद काय काय बोलली! हुपरीच्या माहेरघराच्या गोष्टी सांगितल्या, घरातल्या एकेकाला नाव घेऊन हाक मारली, सबिनाला लहानपणी म्हणायची ती अंगाई म्हटली आणि मध्येच बादशहा दारातनं डोकावला तर त्याच्यावर खेकसलीसुद्धा. "अवो, पाय धुऊन या की! कामावरनं आलाय का गटारीतनं?" सबिनानं ते पुसू दिलं नाही. सगळं तिनं फोनमधनं काढून घरातल्या कॉम्प्युटरवर ठेवलं. म्हणाली, "फोनचं काय खरं न्हाय अब्बा, पडतोय, चोरीला जातोय. कॉम्प्युटर घरात ऱ्हातोय." त्याच वर्षी तिचा फोन एसटीत चोरीला गेला, तेव्हा बादशहानं लेकीच्या अकलेचं चार ठिकाणी कौतुक केलं. बाकी शमशादचा आवाज कुठंच नव्हता. सबिनाच्या लग्नाच्या व्हिडिओत सगळी बँडबाजाची गाणी आणि जेवणाऱ्यांची तोंडं.

दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं होतं, की घरच्यांनी ओठांवरनं बोलणं ओळखायला शिका, सवयीनं जमतं. सबिनाला ते काही महिन्यांत जमलं. माय-लेकी तासन् तास गप्पा मारायच्या, एकीचा आवाज यायचा आणि दुसरीचे ओठ हलायचे. बादशहा "शिकतो की" म्हणाला आणि शिकला नाही. शमशाद काही सांगायला लागली की तो थोडं बघायचा, मान हलवायचा, मग "बरं बरं" म्हणायचा. संध्याकाळी कामावरनं आला, की पाय धुऊन कॉम्प्युटरपुढं बसायचा आणि तो आवाज लावायचा. पहिले काही दिवस शमशाद शेजारी बसायची. पुढं पुढं ती स्वयंपाकघरातच राहायला लागली. बादशहाला वाटलं, तिला आवडत नसेल, त्रास होत असेल. बायकोचं ऐकावंसं वाटलं की हा बाबा कॉम्प्युटर लावायचा आणि बायको पलीकडं भाकऱ्या थापत असायची. आता याला काय म्हणावं?

सबिनाचं बाळंतपण जवळ आलं. पुढच्या जुम्म्याला ती माहेरी येणार होती. तिनं बापाला फोनवर बजावून सांगितलं, "अब्बा, बाळाला अम्मीचीच अंगाई ऐकवायची हाय. कॉम्प्युटर जरा पुसून-बिसून ठेवा." त्यानं पुसून ठेवला. आणि दुसऱ्याच दिवशी तो चालू होईना. आतनं नुसती टक टक, टक टक.

बादशहानं कॉम्प्युटरचा डबा स्कूटरवर पुढं घेतला आणि राजारामपुरीत विश्वजितकडं गेला. विश्वजित पोरसवदा दिसतो, पण त्या गल्लीत कॉम्प्युटर, राउटर, प्रिंटर काही बिघडलं तर लोक त्याच्याकडंच जातात. एक तर काम चोख, आणि दुसरं म्हणजे तो समजावून सांगतो. ज्याचा जो धंदा त्या भाषेत सांगायचं, ही त्याची पद्धत. दूधवाल्याला म्हणणार, "काका, नेट म्हणजे दूध समजा आणि राउटर म्हणजे किटली. किटलीलाच भोक हाय, तर म्हशीला का शिव्या देताय?" गिऱ्हाईक हसतं, समजल्यासारखं मान हलवतं आणि खूश होऊन जातं. विश्वजितला आपल्या या हुशारीचा भारी अभिमान होता.

त्यानं डबा उघडला, आवाज ऐकला आणि आतनं एक चपटी, जड, धातूची पेटी काढून हातावर ठेवली.

"चाचा, बाकी मशीन झकास हाय. ही हार्ड डिस्क गेलीया. समदं ह्यात असतंय."

"आवाज?"

"आवाज, फोटो, समदं."

"आत काय असतंय रं?"

"आत चकचकीत ताट असतंय, चाचा. तुमच्या चांदीच्या ताटागत. ते गरागरा फिरतंय आणि एक सुई त्यावरनं वाचत जाती. ताटावर धूळ बसली, डाग पडला की तिला वाचता येत न्हाय. मग बसती अशी टकटक करत."

"म्हंजे डाग पडलाय."

"तसंच कायतरी. पुण्यात एकजण हाय, तो उघडून बघतोय. तिकडं पाठवू. महिना-दीड महिना धरून चला."

"पोरगी पुढच्या जुम्म्याला येतीया की रं."

"मग काय करता? तोवर परत चालू करू नका, बास."

चालू करू नका म्हणाला. उघडू नका असं म्हणाला नाही, कारण कुणी उघडेल हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. बादशहानं ती पेटी रुमालात बांधली आणि "इचार करून सांगतो" म्हणून निघाला. विचार कसला? तो दुकानाच्या पायऱ्या उतरतानाच झाला होता. धूळ आणि डाग. जन्मभर हा माणूस दुसरं करत काय होता? आणि ते पुण्याच्या कुणा परक्याच्या हातात द्यायचं?

रविवारी दुपारी गुजरी शांत होती. बादशहानं खोलीचं दार लावून घेतलं, फरशी ओल्या फडक्यानं पुसली, हात धुतले आणि बिस्मिल्ला म्हणून पेटी पुढं घेतली. स्क्रू चांदणीच्या आकाराचे होते. त्यानं एका जुन्या पेचकसाचं टोक कानशीनं घासून बरोबर तसं केलं. एक स्क्रू लेबलाखाली दडवलेला होता, तोही याच्या बोटांना सापडला. झाकण निघालं आणि बादशहा बघतच राहिला. आयुष्यभरात इतकं नितळ पॉलिश त्यानं पाहिलं नव्हतं. स्वतःची दाढी, वरचा दिवा, छताचा पोपडे आलेला कोपरा, सगळं त्यात दिसत होतं. मनातल्या मनात त्यानं त्या कारागिराला सलाम केला.

मग पेटी उजेडाकडं कलती धरल्यावर त्याला ती दिसली. करड्या रंगाची, केसासारखी बारीक, गोल रेघ.

"ही बघ, हितं हाय," तो मोठ्यानं म्हणाला आणि एकटाच हसला.

पॉलिशच्या मशीनला त्यानं हात लावला नाही. मशीनवर पैंजण घालावेत, हे हातानंच करायचं काम. ताट सोडवून घेतलं, रिठ्याच्या कोमट पाण्यात धुतलं, टिपलं. नाजूक वस्तूंसाठी म्हणून शमशादच्या एका जुन्या ओढणीचा तुकडा त्यानं जपून ठेवला होता, तो काढला. त्यावर पॉलिशची तांबडी पूड चिमटीनं घेतली आणि हलक्या हातानं, गोल गोल, श्वास धरून तो घासत गेला. रेघ फिकी झाली. मग नाहीशी झाली. खाली कापडावर काळं आलं होतं. पॉलिश करताना काळं येतंच, आल्याशिवाय कारागिराचं समाधान होत नाही. कापड उलटून त्यानं ते काळं बघितलं आणि त्याला बरं वाटलं. केवढा मळ बसला होता बिचारीच्या आवाजावर!

इतकं चांगलं काम आपल्या हातनं कधी झालं नव्हतं, असं त्याला वाटलं आणि ते खरंच होतं.

ते कापड त्यानं नेहमीप्रमाणे पत्र्याच्या डब्यात टाकलं. पॉलिशच्या खोलीतली चिंधी कुणी फेकत नाही. चिंध्या साठवायच्या, फरशीवरची धूळसुद्धा साठवायची, मग ते सगळं जाळून आटवलं की घासून गेलेली चांदी तळाशी परत मिळते. ताट त्यानं दागिन्यांच्या गुलाबी कागदात गुंडाळलं, आणि घरी जाऊन शमशादला सांगितलं, "उद्या सांजच्याला तुझा आवाज घिऊन येतो." शमशाद ओठ हलवून काही म्हणाली. तो "बरं बरं" म्हणाला.

सोमवारी विश्वजितच्या टेबलावर त्यानं गुलाबी कागद उलगडला. एखाद्या गिऱ्हाइकापुढं नवा दागिना ठेवावा, तसा जरा मागं सरून उभा राहिला.

विश्वजितनं ताटाकडं बघितलं, मग बादशहाकडं बघितलं.

"चाचा, कुणी उघडलं हे?"

"म्याच. एक रेघ पडली हुती, गोल. आता बघ, हाय का कुठं? लाव आता."

"घासलंसा?"

"पॉलिश केलंय की! हातानं."

विश्वजित स्टुलावर बसला. एरवी ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या भाषेत समजावणारा हा गडी, त्याला आज कुठलीच भाषा सुचेना. शेवटी खाली बघत म्हणाला, "चाचा, ताटावर एक थर असतोय. लई पातळ. समदं लिहिलेलं त्या थरात असतंय."

"बरं, मग?"

"त्यो थर गेला वो."

"कुठं गेला?"

विचारता विचारताच बादशहाला कापड आठवलं. कापडाच्या मधोमध आलेलं ते काळं आठवलं, आणि ते बघून आपण केवढे खूश झालो होतो तेही आठवलं. त्यानं टेबलाची कड धरली.

मग एकदम त्याचा चेहरा उजळला. "कापड हाय की माझ्याकडं! टाकलेलं न्हाय."

"चाचा..."

"आरं ऐक तर. आमच्यात काय वाया जात न्हाय. कापडातली चांदी परत निघती, मी सोता काढलीया. तुमच्यातबी तसं कायतर आसंलच. पुण्याच्या माणसाला इचार. ताट नको, कापड पाठवतो म्हणावं."

"न्हाय वो निघत, चाचा."

"इचार तर! फोन लाव."

विश्वजितच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझंच चुकलं. म्या चांदीचं ताट म्हणायलाच नको हुतं."

"ताटच हाय की ते," बादशहा म्हणाला. "तू बरोबरच सांगितलंस."

तो तिथनं गुजरीत गेला, डब्यातलं कापड शोधून काढलं आणि खिशात घालून घरी आला. शमशादनं कॉम्प्युटरचं टेबल पुसून ठेवलं होतं. टेबलापुढं दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एरवी तिथं एकच असायची. ती केस नीट बांधून, धुतलेला रुमाल गळ्यावर घेऊन बसली होती.

बादशहा उभ्या उभ्याच बोलला. काही लपवलं नाही. उघडलं, धुतलं, घासलं, सगळं सांगितलं, आणि ते कापड टेबलावर तिच्यापुढं ठेवलं. "ह्यात गेला बघ," तो म्हणाला. "माझ्या हातानं गेला. पोरगी जुम्म्याला येतीया, तिला काय सांगू मी? मला शिव्या घाल शमशाद. काय वाट्टेल ते बोल."

शमशादनं कापड उचललं. आपल्याच ओढणीचा तुकडा, तो तिनं ओळखला. मग तिनं वर बघितलं आणि ती बोलायला लागली. भरभर बोलली, हात हलवून बोलली, मध्ये थांबली, पुन्हा बोलली. दोन वर्षांत त्यानं कधी असं समोर उभं राहून तिच्याकडं बघितलं नव्हतं. आज तो डोळे फाडून बघत होता. ओठ मिटत होते, उघडत होते, गळ्यावरचा रुमाल श्वासानं आत-बाहेर होत होता. ती रागावली होती का? का समजूत घालत होती? एक शब्द, नुसता एक शब्द ओळखू यावा म्हणून तो वाकला, आणि त्याला काही कळलं नाही.

"परत बोल," तो म्हणाला. "सावकाश. मला कळंना झालंय."

ती परत बोलली. लहान मुलाशी बोलावं तसं एकेक शब्द सुटा करत, त्याच्या डोळ्यांत बघत तिनं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं.

बादशहाच्या तोंडून सवयीनं "बरं बरं" निघालं.

शमशाद थांबली. त्याच्याकडं बघत राहिली. "न्हाय न्हाय, तसं न्हवं, कळलं न्हाय मला," तो घाईनं म्हणाला. "आनखी एकदा सांग. ह्या बारीला नीट बघतो." पण तिनं ओठ मिटून घेतले होते. कापडाची घडी करून तिनं ते त्याच्या हातात दिलं, मांडलेली दुसरी खुर्ची उचलली आणि ती घेऊन आत गेली.