नेमका प्रश्न

“अर्ज नामंजूर झाला, तर पुढे काय करता येतं?”

मार्लीनं आवाज मुद्दाम जाड केला होता. व्हरांड्याच्या पायरीवर टेसा आणि जोलीन तोंडावर हात दाबून बसल्या होत्या. “एवढी शूर ना तू, मग तुझ्याच आईला विचारून दाखव!” ही पैज त्यांचीच.

फोन टेसाच्या आजोबांचा होता. कारखान्यानं नदीत सोडलेल्या विषारी पाण्यानं त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली, आणि भरपाई निधीनं त्यांचा अर्ज फेटाळला. आजोबा निधीच्या हेल्पलाइनला पुन्हा पुन्हा विचारत राहिले, “का फेटाळलात?” तिथे फोन घेणाऱ्या मार्लीच्या आईनं दर वेळी कारण सांगितलं आणि ती तिथेच थांबली. नियमच तसा होता: विचारलं तेवढंच सांगायचं. प्रत्येक फोन रेकॉर्ड व्हायचा. चार शब्द जास्त बोललं, की नोकरी गेली.

पलीकडून आईचा ऑफिसातला आवाज आला.

“कोर्टानं नेमलेल्या पंचांकडे शुक्रवारपर्यंत अपील करता येतं. वकील लागत नाही.”

टेसानं मार्लीची बाही घट्ट पकडली.

“आणखी काही विचारायचंय?”

“नाही... काही नाही.”

“आणखी काही,” आई सावकाश म्हणाली, “विचारायचंय का तुम्हाला?”

हे दुसऱ्यांदा विचारणं नियमात नव्हतं. मार्लीचे कान तापले.

“डॉक्टरांचे जुने कागद हरवले असले तर?” आवाज जाड करायचं ती विसरूनच गेली.

“दवाखान्याचं पत्र चालतं,” आई म्हणाली.

रात्री जेवताना बाबांनी मक्याचा पाव मोडला. “हेल्पलाइनवरच्या दुसऱ्या एकीला काढलं म्हणे. जास्त बोलली. तू सांभाळून गं, डार्लीन. घराचे हप्ते तुझ्यावर आहेत.”

“मी विचारलं तेवढंच सांगते.” आईनं लोण्याची बशी मार्लीकडे सरकवली. “आज एका आजोबांच्या फोनवरून प्रश्न आला. नेमका. आवाज मात्र फार कोवळा.”

“आजोबा, आणि कोवळा?” बाबा हसले. दुसरं कुणी हसलं नाही. बाबांनी एकदा आईकडे पाहिलं, मग मार्लीकडे, आणि हातातला पाव ताटात ठेवला.

मार्लीनं सुरी खाली ठेवली. या वेळी आवाज तिचा स्वतःचाच निघाला.

“आई, बाबा, उद्यापासून मला घरी यायला उशीर होईल. शाळा सुटली की मी नदीकाठच्या एकेका घरी जाणार आहे. फोनवर काय विचारायचं, ते सगळ्यांना शिकवायला.”