एकच नी, आम्ही दोघं

आमच्या ह्यांनी पस्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. निवृत्त झाल्यावर वर्षभर खिडकीत बसून समोरच्या इमारतीची लिफ्ट किती वेळा अडकली ते मला सांगत राहिले. शेवटी वैतागून मीच त्यांना आमच्या गाण्यात ओढलं. आता बुधवार आला की स्वतः शर्टाला इस्त्री करतात. त्यासाठी मी वाट्टेल ते सोसलं असतं, फक्त माझा 'नी' हा सूर सोडून.

आम्ही चौघं गातो, शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात. वरचा आवाज आम्हाला गाणं शिकवणाऱ्या बाईंचा, मग मी, मग हे, आणि तळाला पोस्टमन. चौघांचे सूर वेगवेगळे, पण एकत्र लागले की कसं भरून येतं. शेवटाच्या जरा आधी प, नी आणि रे एकदम लागतात. सूर तीन आणि माणसं चार, तेव्हा एक सूर दोघांना घ्यावा लागतो. तो प घ्यायचा. नी मात्र एकानेच, कारण त्याला लगेच 'सा'वर चढायचं असतं. दोघं मिळून चढले की दोघांचा एकच आवाज होतो, तळाचा प तर खाली 'सा'वर उतरतो, आणि शेवटी प धरायला कुणी उरत नाही. तो नी पाच वर्षं माझा होता, आणि मला त्याचा माज होता.

ह्यांना दिला होता प. जागचं हलायचंसुद्धा नाही. पण हे दर वेळी नेमके माझ्या नीवर येऊन बसायचे.

शनिवारी कार्यक्रम होता. बुधवारी सातव्यांदा तेच झालं, तेव्हा बाई हळूच म्हणाल्या, "काका, रागावू नका. या वेळी मी माझ्या भावाला बोलावते."

"बरं," हे म्हणाले, आणि गाण्याच्या कागदाची चौकोनी घडी घालून खिशात ठेवायला लागले. ती घडी मला बघवेना. पण माझ्या तोंडाला कुठे लगाम?

"कान काय गहाण ठेवलेत?"

"ऐकू येतं म्हणून तर घोळ होतो गं," हे म्हणाले. "तो नी म्हणजे मजल्याच्या चार बोटं खाली अडकलेली लिफ्ट. आत माणसं आहेत. मी काय हाताची घडी घालून बघत बसू?"

पोस्टमन खो खो हसला. मला मात्र रडू यायला लागलं, आणि रडू आलं की मी भांडते. "मग घ्या माझा नी. आणि तो तुमचा मेला प द्या इकडे."

बाईंनी बोटांवर मोजलं. "सूर तेच, फक्त माणसं बदलली. भावाला नाही बोलवत."

शनिवारी मी प धरला आणि खांबासारखी उभी राहिले. हलायचं नव्हतं, म्हणून पहिल्यांदाच नीट ऐकलं. ह्यांनी नी घेतला, जरासा थरथरला, आणि अलगद 'सा'वर नेऊन ठेवला. इतकं सुंदर मला पाच वर्षांत एकदाही जमलं नव्हतं. खोटं कशाला बोलू?

टाळ्या सुरू झाल्या तसे हे माझ्या कानाशी आले.

"सगळे सुखरूप बाहेर," म्हणाले.